चार-सहा बोल्टांचं काम

धुळ्यात गाडीला गंज लागतो, हे कुणी मानायलाच तयार नसतं. गंज लागावा तो रत्नागिरीच्या गाडीला, खाऱ्या हवेत. इथे मार्च सरत नाही तोवर पारा चाळिशीला टेकतो, गच्चीवर घातलेले पापड उलटायला जावं तर आधीच कडक झालेले असतात. अशा गावात पत्र्याला ओल मिळणार कुठून?

कूलरमधून. देवपुरातल्या आमच्या घराला एकच खिडकी गाडीच्या बाजूची, आणि त्याच खिडकीला डेझर्ट कूलर. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत त्याची टाकी बोअरच्या पाण्याने भरायची आणि तिने ते टिपटिप आमच्या मारुती ८००च्या डाव्या फेंडरवर, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, सोडायचं. कूलर तिथेच बसवायचा हे कुणी ठरवलं, हा विषय आमच्याकडे निघत नाही.

लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग आधी फुगतो. आमच्या फेंडरवर दरवाजाच्या बाजूला असेच फुगे आले. धाकट्याने एका फुग्यावर बोट दाबलं आणि ते पार आत गेलं. त्याने त्याच उत्साहाने दुसरा फुगा शोधायला घेतला.

मुहूर्तही असा की गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं होतं. पंधरा वर्षं झाली की पुढे दर पाच वर्षांनी ते करावं लागतं, आणि २०२२ साली त्याची फी ६०० वरून एकदम ५,००० वर गेली. एवढे पैसे मोजून तपासणीला गाडी उभी करावी आणि साहेबांना फेंडरमधून चाक दिसावं, हे बरं नव्हे. त्याहून मोठी तपासणी म्हणजे आखाजी, आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. आखाजीला माहेरी जायचं तर भोक पडलेल्या गाडीतून पारोळ्यात शिरणार नाही, असं घरातून स्पष्ट कळवण्यात आलं. डेंटरकडे लग्नसराईची रांग होती. तो म्हणाला, "आखाजी झाल्यावर आणा."

मोबाइलवर एक गृहस्थ हसत हसत सांगत होते की, फेंडर वेल्डिंगचा नसतो, नुसता बोल्टांवर असतो. चार-सहा बोल्ट काढा, जुना उतरवा, नवा चढवा. त्यांच्या गाडीचे बोल्ट चकचकीत होते. तिथेच मला संशय यायला हवा होता, पण एकदा पाना हातात घेतला की माणसाला संशय येत नाही.

घरासमोर पाना घेऊन बसलेला माणूस आमच्या गल्लीत सार्वजनिक मालमत्ता धरला जातो. पहिले आले नाना. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता ते स्टूल घेऊन बसले. "कसाले काढस? वरतून पत्रा ठेव, रिपीट मार!" मग कुणी सांगितलं, आतून वेल्डिंग मारा. पत्रा एक मिलिमीटरसुद्धा नसतो, साध्या वेल्डिंगने आहे ते भोक मोठं होतं, हे मी समजावत होतो; तेवढ्यात दूधवाला पुट्टी भरा म्हणाला आणि सभेचा कल त्याच्याकडे झुकला.

बॉनेटच्या कडेचे बोल्ट गुण्यागोविंदाने निघाले. बंपरखालचे कुरकुरत निघाले. साइड इंडिकेटरची वायर काढून बाजूला केली. राहिला एक. चाकाच्या मागे, अगदी तळाशी, जिथे फेंडर खालच्या पट्टीला धरतो तिथला. दहाचा पाना लावला तर फिरला, पण नुसता पाना. डोकं गंजून इतकं गोल झालं होतं की पान्याला धरायला कोपराच उरला नव्हता. डिझेल सोडलं. रात्रभर मुरू दिलं. सकाळी पुन्हा पाना गोल फिरला. नाना म्हणाले, "तापाड त्याले." पेट्रोलच्या गाडीखाली ब्लोलॅम्प पेटवायचा हा सल्ला त्यांनी चहा ओतून घेत अगदी शांतपणे दिला. आमची सौ. बादलीभर पाणी घेऊन दारात उभी राहिली. ते आगीसाठी की नानांसाठी, कळलं नाही.

शेवटी ग्राइंडर भाड्याने आणला आणि डोकंच कापून टाकलं. ठिणग्या उडाल्या, प्रेक्षक चार पावलं मागे सरले, आणि फेंडर खाली आला. त्याच्या मागून आली काळी माती. ढेकळंच्या ढेकळं. चाकाने उडवलेला चिखल या खोबणीत बसतो, कूलर त्याला वरून पाणी घालतो आणि तो महिनोन् महिने पत्र्याला ओल पाजत राहतो. एक ढेकूळ फोडलं तर आत सरकी निघाली, कापसाचा धागा अजून चिकटलेला. सासऱ्यांच्या वावरातून गाडी शेवटची कधी नेली होती ते आठवेना. नाना म्हणाले, "आजून दोन पाऊस थांबतास तर बोंड लागतं."

नवा फेंडर बाजारात सहज मिळाला. ही गाडी बनायची थांबली २०१४च्या जानेवारीत, पण तिचा पत्रा खपतोच आहे. फक्त काळ्या प्रायमरमधल्या त्या फेंडरची भोकं ज्या गाडीसाठी पाडली होती, ती आमची नव्हती. गोल कानशीने एकेक भोक लांबवलं. मग सगळे बोल्ट नुसते बोटाने लावायचे, बॉनेट मिटायचं, दरवाजा उघडायचा, फटी बघायच्या, आणि मगच आवळायचं. फेंडर किंचित मागे बसला तर दरवाजा उघडताना त्याची कड घासते आणि नवाकोरा रंग सोलते. ही फट जुळवताना नाना पहिल्यांदा गप्प बसले. डोळा बारीक करून खालून वर पाहिलं आणि बोटभर इशारा केला, "थोडं म्होरे." तेवढ्याने जमलं. माणूस उगाच वर्कशॉपमध्ये जन्म काढत नाही.

रंगाचं थोडक्यात सांगतो. दुपारी फवारा मारला तर तो पत्र्यावर पोचायच्या आतच वाळतो आणि हाताला खरखर लागते. म्हणून पहाटे मारला, वारा सुटायच्या आत, कूलर बंद करून. घरातले सगळे उकाड्याने उठले आणि रंगकामाला हजर राहिले. कोडप्रमाणे मिळवलेला पांढरा अगदी बरोबर होता. कंपनीने जसा दिला तसाच.

आखाजीला पारोळ्यात गाडी दारात लागली. सासरे ओट्यावरून उतरले, एक फेरी मारली, नव्या फेंडरपाशी थांबले, मग मागच्या दरवाजाकडे बघितलं आणि मेव्हण्याला हाक मारली, "बादली आण रे. जावईबापूंना निघताना घाई झालेली दिसते, एवढाच तुकडा धुतलाय."