आकडा सहाशेचा, पत्रा पाचशे पंच्याऐंशीचा

तुम्ही पाठवलेले ड्रॉइंग समोरच्याच्या संगणकावर, त्याच्या निराळ्या कॅड (संगणकावर ड्रॉइंग काढण्याच्या) प्रोग्रॅममध्ये, पहिल्याच झटक्यात जसेच्या तसे उघडले, तर तुमच्या कार्यालयाची पत ती काय राहिली? फाइल मिळताच ज्याला काम सुरू करता येते तो तुम्हाला फोन करत नाही, आणि दिवसातून चार फोन आले नाहीत की आपल्यावाचून कोणाचे काही अडते यावरचा माणसाचा विश्वास उडू लागतो. भोसरीच्या एका गाळ्यात बसून मी अनेक वर्षे लोकांची ड्रॉइंग्ज एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेतो आणि लेझर कटिंगसाठी तयार करून देतो. त्या अनुभवावरून, आणि मुख्यतः गेल्या पंधरवड्यातील एका प्रसंगावरून, फाइल पाठवणाऱ्या मंडळींसाठी या सूचना लिहीत आहे. त्यांतल्या बहुतेक तुम्ही आधीपासूनच कसोशीने पाळत आहात, याची मला कल्पना आहे.

ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आहे, इंचात आहे की मीटरमध्ये, हे कोठेही लिहू नका. फाइलमध्ये इन्सयुनिट्स नावाची एक नोंद असते. तेथे १ असेल तर इंच, ४ असेल तर मिलिमीटर आणि ६ असेल तर मीटर, असे फाइल घेणारा प्रोग्रॅम समजतो. तेथे शून्य असू द्यावे, म्हणजे ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे एकक मानायला मोकळीक राहते. मग तुमचे ४८ इंचांचे दार समोरच्या पडद्यावर ४८ मिलिमीटरचे होऊन काडेपेटीच्या आकारात उघडते, तो २५.४ ने गुणून पाहतो, आकडा बरा वाटला म्हणून पुढे जातो, आणि त्याच फाइलमध्ये दुसऱ्या कोणाच्या तरी ड्रॉइंगमधून उचलून टाकलेले बिजागऱ्यांचे ब्लॉक, म्हणजे तयार चित्रे, मुळातच मिलिमीटरमध्ये होते, हे त्याला बिजागरी दाराएवढी झाल्यावर कळते.

फाइल नेहमी आपल्याकडच्या सर्वांत नव्या स्वरूपात जतन करावी. डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅड या कॅड प्रोग्रॅमची ड्रॉइंग फाइल, नोटपॅडमध्ये उघडली तर अगदी सुरुवातीची सहा अक्षरे तिची पिढी सांगतात: एसी१०१५ म्हणजे २००० सालचे स्वरूप, एसी१०३२ म्हणजे २०१८ चे. कटिंग मशिनजवळचा धूळ खाल्लेला संगणक बहुधा त्याहूनही जुन्या, ऑटोकॅडच्या आर-१२ आवृत्तीच्या काळातल्या डीएक्सएफवर, म्हणजे ड्रॉइंगच्या देवाणघेवाणीच्या फाइलीवर, खूश असतो. तसे त्याने तीनदा कळवले असले तरी आपण आपला दर्जा सोडू नये. चौथ्यांदा कळवल्यावर आर-१२ दिलेच, तर त्या स्वरूपात स्प्लाइन, म्हणजे सलग वळणदार रेषा, हा प्रकारच नसल्यामुळे तुमच्या नाजूक वेलबुट्टीचे शेकडो बारीक सरळ तुकडे होतात आणि कटिंग हेड प्रत्येक तुकड्यापाशी अडखळत चालते. जाळीच्या कडांना थोडा खडबडीतपणा शोभतोच.

एका रेषेवर तीच रेषा पुन्हा ठेवायला विसरू नका, म्हणजे लेझर तोच काप दोनदा घेईल.

एक्सरेफच्या, म्हणजे तुमच्या ड्रॉइंगमध्ये बाहेरून दाखवलेल्या दुसऱ्या ड्रॉइंग्जच्या, फाइली सोबत जोडू नयेत. समोरच्याला तुमच्या डी ड्राइव्हवरील न्यू फोल्डरच्या पोटातल्या न्यू फोल्डरचा पत्ता वाचायला मिळतो, तेवढे पुरे.

मराठी मजकुरासाठी युनिकोडपूर्व काळातला एखादा फॉन्ट आवर्जून वापरावा. डीडब्ल्यूजीमध्ये फॉन्ट फाइलसोबत प्रवास करत नाही, फक्त त्याचे नाव जाते, आणि ते नाव न ओळखणाऱ्या संगणकावर ‘स्वयंपाकघर’ या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्केचिन्हे यांची मिसळ वाढलेली दिसते. व्यासाच्या चिन्हाचे प्रश्नचिन्ह झाले तर त्यात गैर काहीच नाही, कारण भोक किती व्यासाचे हा खरोखरच प्रश्न असतो.

मोजणीवरून आलेल्या नकाशात प्लॉट त्याच्या खऱ्या निर्देशांकांवरच ठेवा. पुणे यूटीएमच्या, म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीच्या, ४३ व्या पट्ट्यात येते आणि उत्तरेचा आकडा विषुववृत्तापासून मोजल्यामुळे सुमारे साडेवीस लाख मीटर भरतो. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये नेले की तोच दोनशे कोटींच्या पुढे जातो. सात अंकांपलीकडे नीट न पाहणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मग वर्तुळांना कोपरे फुटतात. एवढ्याने भागले नाही तर शून्य-शून्यवर एक ठिपका विसरून ठेवावा. ‘झूम एक्स्टेंट्स’, म्हणजे सगळे ड्रॉइंग एकदम दाखव, असे दिले की सगळा पडदा काळा दिसतो, एका टोकाला एक कण असतो, आणि तोच तुमचा दोन एकरांचा प्लॉट असतो.

असे केल्याने आपले हसे होईल, ही भीती मनातून काढून टाका. तुम्ही फार मोठ्यांच्या पंक्तीत बसला आहात. एअरबसच्या ए-३८० विमानाच्या वेळी हॅम्बुर्गची मंडळी कॅटिया या कॅड प्रोग्रॅमच्या चौथ्या आवृत्तीत आणि तुलूझची पाचव्या आवृत्तीत काम करत होती. त्या एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर होती आणि प्रत्यक्ष जोडायला घेतल्यावर वायरींच्या जुड्या ठरल्या जागी पुरेनात. २००६ मध्ये वेळापत्रक कोसळले आणि पहिले विमान ग्राहकाच्या हाती ऑक्टोबर २००७ मध्ये पडले. म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या दोन आवृत्त्यांचे एवढे झाले. मात्र तेथे दोन्ही बाजू आपापल्या परीने खरे ड्रॉइंग काढत होत्या, आणि येथे मी माझ्या सर्वांत महत्त्वाच्या सूचनेकडे येतो.

माप चुकले असेल तर रेषा हलवू नका. मापावर डबल क्लिक करा, तेथला आकडा खोडा आणि हवा तो टंका. वीस सेकंदांत काम होते, ड्रॉइंगवर पाहिजे तो आकडा दिसतो, पीडीएफ छापून येते, साहेबांची सही होते. खालची रेषा आहे तेथेच राहते, पण तिच्याकडे पाहतो कोण?

लेझर पाहते. लेझरला आकडे वाचता येत नाहीत, ते रेषेमागून जाते. गेल्या पंधरवड्यात एका सल्लागार कार्यालयाकडून कंट्रोल पॅनेलच्या कव्हरचे डीएक्सएफ आले, रुंदी ६००, उंची १२००, स्टेनलेस स्टीलचा २ मिलिमीटरचा पत्रा, नग १६. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला फाइल आली आणि शनिवारी सकाळी पत्रा मशिनवर चढला, कारण फाइल उशिरा देणाऱ्याला माल नेहमी लवकर हवा असतो. माझ्या प्रोग्रॅमने त्यातला ६०० हा आकडा इमानेइतबारे दाखवला. कापायला देताना मापांचा लेयर, म्हणजे ड्रॉइंगमधला मापांचा वेगळा थर, काढून टाकतात, तसा मी काढला. आठ बाय चारच्या चार शीट कापून झाल्या आणि फॅब्रिकेटरने कव्हर चौकटीवर ठेवले, तर एका बाजूला बोट आत जाईल एवढी फट. मी टेप लावला. ५८५.

फोनवर पलीकडून उत्तर आले, “सर, पीडीएफ बघा ना, सहाशे स्पष्ट लिहिलंय. तुमच्या इम्पोर्टमध्ये पंधरा मिलिमीटर गेले. ते ओरिजिनल सॉफ्टवेअर का घेत नाही तुम्ही?”

माझा प्रोग्रॅम पैसे भरून घेतलेला आहे, तो फक्त त्यांच्या प्रोग्रॅमहून वेगळा आहे. पण तो मुद्दा राहू दे. एकक चुकले असते तर २५.४ पट, १० पट किंवा १००० पट फरक पडला असता. उंची १२०० ची १२०० ठेवून फक्त रुंदीतून १५ मिलिमीटर खाणारे रूपांतर अजून जन्माला यायचे आहे. तरीही मी त्यांनीच पाठवलेली डीएक्सएफ, माझ्या प्रोग्रॅमचा हात लागण्याआधीची, नोटपॅडमध्ये उघडली. १९८२ मध्ये ऑटोकॅडबरोबर हे स्वरूप आले ते प्रोग्रॅमांना एकमेकांची ड्रॉइंग्ज वाचता यावीत म्हणूनच, आणि ते साध्या मजकुराचे असते: एका ओळीत सांकेतिक क्रमांक, खालच्या ओळीत त्याची किंमत. मापाच्या नोंदीत ४२ या क्रमांकाखाली प्रत्यक्ष मोजलेली लांबी असते आणि १ या क्रमांकाखाली माणसाने हाताने घातलेला मजकूर. माणसाने काही घातले नसेल तर ती जागा रिकामी असते. येथे ४२ च्या खाली ५८५.० होते. १ च्या खाली ६०० होते.

याचा फोटो काढून मी पाठवला. त्यावर उत्तर आले ते अंगठ्याचे चित्र. महिनाअखेरीस माझ्या बिलातून चार शीटचे पैसे वजा झाले.

रेषेवर एकदा ‘डिस्ट’ देऊन मी लांबी मोजून घेतली असती तर हे टळले असते, हे मला मान्य आहे, आणि आता मी प्रत्येक फाइल मोजतो. पण मी कोणाचे काम करतो आहे, याचा काही विचार कराल की नाही? तुम्ही ड्रॉइंग काढण्याचे पैसे घेता. बाण कोठे संपतो ते दाखवून लांबी प्रोग्रॅमला मोजू द्यायची, एवढे साधे काम प्रोग्रॅम तुमच्यासाठी फुकट करत असताना तुम्ही त्याच्या तोंडावर खोटा आकडा चिकटवता, आणि तो खोटेपणा दुसऱ्याच्या दारात उघडा पडला की सॉफ्टवेअरची जात काढता. इम्पोर्टला काहीही झालेले नाही. रेषा ताणायला ‘स्ट्रेच’ ही एक कमांड आहे, ती पहिल्या आठवड्यात शिकवतात. ती वापरायला वेळ नव्हता, आणि सोळा कव्हर भंगारात घालायला आहे? एकक लिहा, एक्सरेफ बांधून पाठवा, आकड्यांना हात लावू नका, आणि लाज वाटत असेल तर पुढच्या वेळी फोन उचला.

दुरुस्त केलेली फाइल काल रात्री आली. नावात ‘फायनल’ दोनदा आहे. मी ती आधी नोटपॅडमध्येच उघडली. ४२ च्या खाली आता ५९७.५ आहे, आणि १ च्या खाली ६००.