साखरपुड्याचा फोटो

पुण्यातल्या ज्या कॉलेजातून मी मेकॅनिकल केलं, त्याच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप एरवी सुप्रभात आणि गुडघेदुखी या दोन विषयांवर चालतो. गेल्या महिन्यात तिथे एक प्रस्ताव आला. कॉलेजशी सहकार्य करणाऱ्या एका कंपनीला दरवर्षी मेळाव्यात पुरस्कार द्यायचा. शाल, श्रीफळ, मानचिन्ह. खर्च ‘परदेशस्थ मित्रांनी’ उचलावा, अशी प्रेमळ सूचना. सोबत गेल्या वर्षीच्या अशाच एका कार्यक्रमाचं कात्रण होतं. सहा माणसं ओळीत उभी, मधल्या दोघांनी मिळून एकच निळी फाईल धरलेली, आणि फाईलकडे सोडून सगळ्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे. मथळा: सामंजस्य करार.

पैसे द्यायला माझी ना नाही. एकोणीस वर्षं शेफिल्डला राहतोय, पौंडाचा भाव ग्रुपवर सगळ्यांना तोंडपाठ आहे, सुटका नाही. पण ते कात्रण बघून मी अडखळलो. त्या कंपनीनं काय केलं म्हणून तिचा सत्कार? करार केला म्हणून. म्हणजे साखरपुडा झाला म्हणून आदर्श जोडप्याचा पुरस्कार.

हे काही एका कॉलेजचं नाही. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यमापनात गेल्या पाच वर्षांत किती करार झाले, हा आकडा वर्षानुवर्षं मागितला गेला. ‘कार्यरत’ करार असा शब्द तिथे आहे, नाही असं नाही. पण आकडा मागितला की आकडा तयार होतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. माझ्या पुतण्याच्या कॉलेजच्या माहितीपत्रकात असे बत्तीस करार आहेत. त्याला इंटर्नशिप हवी होती तेव्हा त्या बत्तिसांतली एकही कंपनी उपयोगी पडली नाही. शेवटी कुठल्याशा संस्थेत फी भरून त्यानं सहा आठवड्यांचं प्रमाणपत्र आणलं. कारखान्याचं गेटसुद्धा न बघता. फोनवर मला म्हणाला, “काका, सगळे असंच करतात.” त्याच्या आवाजात तक्रारही नव्हती, तेच मला जास्त लागलं.

आता मी राहतो तिथली गोष्ट. ब्रिटनमध्ये १९७५ साली ‘टीचिंग कंपनी स्कीम’ नावाची योजना सुरू झाली. कल्पना वैद्यकीय शिक्षणातून उचललेली: डॉक्टर जसा रुग्णालयात, खऱ्या पेशंटच्या खाटेशेजारी शिकतो, तसा इंजिनिअर खऱ्या कारखान्यात का शिकू नये? २००३ पासून ती ‘नॉलेज ट्रान्स्फर पार्टनरशिप’ म्हणून चालते. लोक केटीपी म्हणतात. रचना तिरपागडी आहे, आणि माझ्या मते तीच तिची ताकद. एक कंपनी, एक विद्यापीठ आणि मधे एक नुकता पदवीधर झालेला मुलगा किंवा मुलगी, ज्याला ‘असोसिएट’ म्हणतात. हा असोसिएट नोकर विद्यापीठाचा, पण रोज बसतो कंपनीत. मुदत साधारण एक ते तीन वर्षं. कंपनी लहान असेल तर खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भाग सरकार देतं, बाकीचा कंपनीनं स्वतःच्या खिशातून घालायचा. खिशातून गेले की मालक विचारतो, पोरगा काय करतोय. प्राध्यापकानंही आठवड्यातून अर्धा दिवस तरी शॉपफ्लोअरवर यायचं. दर काही महिन्यांनी तिन्ही बाजू एका टेबलाशी बसतात आणि कामाचा हिशेब होतो. मुदत संपली की अंतिम अहवाल जातो, त्याला बाहेरचे तपासनीस श्रेणी देतात, आणि पुरस्कारांचं नाव निघतं ते त्यानंतर. सुरुवातीच्या फोटोला कुणी बक्षीस देत नाही.

मी ज्या छोट्या कंपनीत आहे तिथे असा एक प्रकल्प झाला. आम्ही कार्बाइडची कटिंग टूल्स बनवतो. ग्राइंडिंगमध्ये चाक कधी बोथट होतंय हे वेळेवर कळलं नाही तर अख्खा लॉट भंगारात. असोसिएट म्हणून आली ती बार्न्सलीची मुलगी, आजोबा कोळशाच्या खाणीत होते. तिनं मशीनवर कंपनाचे सेन्सर बसवले, लॅपटॉपवर आलेख सुरू झाले, आणि चार महिने त्या आलेखांतून काहीही निष्पन्न झालं नाही. प्राध्यापक सॉफ्टवेअर बदलून बघत होते. मी, आता कबूल करतो, हा पैसा वाया गेला असं मनातल्या मनात ठरवून बसलो होतो.

एका रात्रपाळीला तिथला जुना ऑपरेटर, तीस-बत्तीस वर्षं त्याच मशीनवर काढलेला, तिच्यामागे चहाचा मग घेऊन उभा राहिला. म्हणाला, सेन्सर तू कूलंटच्या धारेखाली लावलायस पोरी, तुला चाक ऐकू येत नाहीये, पाणी ऐकू येतंय. आणि बोट ठेवून जागा दाखवली: मागच्या बाजूला, बेअरिंगच्या घरापाशी, जिथे तो स्वतः हात ठेवून चाकाचा अंदाज घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सेन्सर तिकडे गेला. आठवड्याभरात आलेखाला अर्थ आला.

दोन वर्षांनी विद्यापीठाच्या वार्षिक समारंभात या कामाला बक्षीस मिळालं. आमचे संचालक स्टेजवर गेले, मानचिन्ह घेतलं आणि माइक तिच्याकडे दिला. तिनं त्या ऑपरेटरला उभं राहायला लावलं. तो समारंभाला आला होता तोच मुळी कंपनीनं टेबल घेतलं होतं आणि एक खुर्ची रिकामी राहत होती म्हणून. कोट भाड्याचा असावा, बाह्या आखूड होत्या. उभा राहिला, काय करावं कळेना, शेवटी पुन्हा बसला. टाळ्या मात्र चालू राहिल्या.

इथवर वाचून ग्रुपवरचे दोन-तीन जण म्हणतील, झालं, आला साहेबाचा पोवाडा. तर थांबा. मी ‘टेबल घेतलं’ म्हणालो, त्याचा अर्थ पैसे भरून घेतलं. पुरस्कार हा या देशात एक धंदा आहे. जेवणाची टेबलं विकली जातात, नामांकन मिळालेली कंपनी दहा माणसं घेऊन येते आणि नामांकनं बऱ्यापैकी उदारपणे वाटली जातात. विद्यापीठांचंही तेच. २०१४च्या संशोधन मूल्यमापनापासून तुमच्या संशोधनाचा समाजावर काय परिणाम झाला, याच्या कहाण्या लिहून द्याव्या लागतात. तेव्हा त्यांना वीस टक्के वजन होतं, २०२१ला पंचवीस झालं. त्या गुणांवर सरकारी पैसा ठरतो. परिणामी या कहाण्या सफाईनं लिहिणारी माणसं विद्यापीठात पगारावर असतात. आपल्याकडे करारांची संख्या फुगते, इथे परिणामांची गोष्ट फुगते. फरक एवढाच, की गोष्ट फुगवायला निदान काहीतरी घडावं लागतं.

आणि टाळ्या कुणासाठी वाजतात, याबद्दल इथल्या लोकांनी मला शिकवू नये असा एक प्रसंग आहे. २८ जून २०२१. विंबल्डनचा पहिला दिवस, सेंटर कोर्टावर प्रेक्षकांत सारा गिल्बर्ट बसल्यात, ऑक्सफर्डच्या लशीच्या शास्त्रज्ञ, असं जाहीर झालं आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. टीव्हीसमोर माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण मी मांजरीचा. हडपसरच्या पुढचं मांजरी. विद्यापीठ आणि उद्योग यांच्या भागीदारीचं आमच्या हयातीतलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ती लस: संशोधन ऑक्सफर्डचं, कंपनी ॲस्ट्राझेनेका, आणि अफाट संख्येनं उत्पादन पुण्याच्या, आमच्याच भागातल्या सीरमचं. १२ जानेवारी २०२१ला पहाटे कोविशील्डचे पहिले ट्रक पुण्यातून निघाले तेव्हा त्यांची पूजा झाली होती. गिल्बर्टना ‘डेम’ किताब मिळाला, सायरस पूनावालांना २०२२ मध्ये पद्मभूषण. दोन्ही योग्यच. मला कुतूहल आहे ते मधल्या माणसांचं. प्रयोगशाळेतली कृती मोठ्या बायोरिॲक्टरमध्ये जशीच्या तशी कधीच उतरत नाही. पेशी रुसतात, उतारा घसरतो, आणि कुणीतरी रात्रंदिवस जागून ती कृती नव्या टाकीला मानवेल अशी करून घ्यावी लागते. ती कुणी केली? आमच्या गल्लीतला एखादा बी.एस्सी. मायक्रो झालेला मुलगा त्यात असेल. स्टेडियम त्याच्यासाठी उभं राहिलं नाही. पुण्यातली एखादी सोसायटीही राहिली नसावी.

मांजरीवरून आठवलं, आणि खरं म्हणजे मला हेच सांगायचं होतं. उद्योग-शिक्षण सहकार्याचा पुरस्कार कसा द्यावा हे शिकायला शेफिल्डला यायची गरज नाही. केटीपीची आई जन्मली त्याच १९७५ साली मांजरीत साखर कारखान्यांनी मिळून आपली संशोधन संस्था काढली, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. कारखाने तिचे सभासद, कारखान्यांच्याच पैशावर ती उभी राहिली. माझे वडील ऊस लावायचे. त्यांच्या तोंडी विद्यापीठ हा शब्द मी कधी ऐकला नाही, पण ‘शहाऐंशी बत्तीस’ आणि ‘दोनशे पासष्ट’ हे आकडे घरातल्या माणसांसारखे वावरायचे. को ८६०३२ मूळचं कोइमतूरचं वाण. फुले २६५ हे राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्रातून आलेलं. दोनशे पासष्ट वजनाला भारी म्हणून शेतकरी खूश, आणि साखरेचा उतारा कमी पडतो म्हणून कारखान्यानं नाक मुरडायचं. विद्यापीठ, कारखाना, शेतकरी या तिघांचं भांडण आमच्या ओसरीवर चालायचं. भागीदारी अशीच असते. एका निळ्या फाईलवर चार हात, ती नव्हे.

त्या संस्थेच्या वार्षिक सभेत पुरस्कार असतात. उत्कृष्ट कारखान्याला असतोच. पण ‘ऊस भूषण’ शेतकऱ्याला असतो, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा (म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) असा हंगाम वेगवेगळा धरून, आणि तो ठरतो तोडणी झाल्यावर हेक्टरी किती टन निघाला यावर. लागण केली म्हणून कुणी कुणाला शाल घातलेली नाही. शिवाय कारखान्यातल्या शेती अधिकाऱ्याला, चीफ केमिस्टला, चीफ इंजिनिअरला वेगळे पुरस्कार. म्हणजे काम ज्यांच्या हातून झालं त्यांच्या पदाचं नाव तिथे पुकारलं जातं. व्यासपीठावर पुढारी भरपूर असतात आणि भाषणं खोडव्यासारखी पुन्हा पुन्हा फुटतात, हे मान्य. तरी तोडणीनंतर सत्कार ही साधी अक्कल ऊसवाल्यांना आहे आणि आमच्या इंजिनिअरांना नाही, याचं मला नवल वाटतं.

हे सगळं आत्ताच का उगाळतोय, तर आता देशात या कामासाठी पैसा यायला लागलाय. भारत संशोधनावर देशाच्या उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, आणि त्यात खासगी कंपन्यांचा वाटा फार कमी, हे रडगाणं आपण वर्षानुवर्षं ऐकलं. २०२५च्या जुलैत केंद्रानं संशोधन आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटींचा निधी मंजूर केला, तो मुख्यतः खासगी क्षेत्राला संशोधनाकडे ओढण्यासाठी. कंपन्या आणि विद्यापीठं एकमेकांची दारं ठोठावणार, करारांचा मोसम जोरात येणार. निळ्या फाईलींचा खप वाढणार. उद्योगांच्या नादी लागून विद्यापीठं त्यांची बटीक होतील, अशी भीती घालणारे प्राध्यापक मित्रही माझ्याकडे आहेत. त्यांना मी एवढंच म्हणतो, की आधी ते एकमेकांना ओळखायला तरी लागू देत.

तर ग्रुपवर मी उत्तर लिहिलं. पहिल्या पाच वर्षांचा पुरस्काराचा खर्च माझा. अट एक: करार होऊन तीन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कुणाचं नाव विचारात घ्यायचं नाही. अट दोन: मानचिन्हं तीन करायची. एक कंपनीतल्या ज्या माणसानं मुलांना उभं केलं त्याला, एक विद्यार्थ्याला, एक कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या त्या माणसाला, जो सुट्टीच्या दिवशी कुलूप उघडून देतो. आमच्या वेळी होते तसे एक मामा अजूनही तिथे असतील अशी माझी समजूत आहे. प्राचार्य आणि व्यवस्थापकीय संचालक यांनी खुशाल पहिल्या रांगेत बसावं, सोफ्यावर.

दोन दिवस निळ्या खुणा दिसत होत्या, उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी संयोजकाचा मेसेज आला:

“कल्पना छान आहे रे. पण तीन वर्षं थांबायचं म्हणजे यंदा स्टेजवर कोणाला बोलवायचं? हॉल बुक झालाय.”