पासे, रपासे आणि माझे लाडू

परवा इथे फ्रान्समध्ये, ल्योंला ड्रायव्हिंगची लेखी परीक्षा निघाली एकदाची. ४० पैकी ३५ बरोबर लागतात, माझे ३६ आले, ३० युरो फी वसूल. बेसनाचे लाडू घेऊन शेजारच्या मादामकडे गेलो आणि छाती फुगवून म्हणालो, "जे पासे ल कोद!" कोद म्हणजे हीच लेखी परीक्षा.

मादाम म्हणाल्या, "ए आलोर?" म्हणजे, बरं मग?

अहो बरं मग काय! आपल्याकडे डबा उघडायच्या आत अभिनंदन होतं. मला वाटलं ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून म्हणालो, "जे पासे!" तर मान हलवत, "वी वी, ए आलोर?" माझा चेहराच पडला. तो बघून बाई काय समजायचं ते समजल्या आणि दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "सा स रपास."

आता रपासे म्हणजे इस्त्री करणे एवढं मला येतं, म्हणून मी शर्टाकडे बघितलं. कॉलर चुरगळलेली होती खरी. म्हटलं, हो, आज घाईत राहिलं, उद्या करतो.

"उद्या? इतक्या लवकर तारीख मिळाली?"

शर्टाला कसली तारीख! मग म्हणाल्या, मेट्रो आहे की, गाडीवाचून 'सां पासे' करता येतं. मी त्यात फक्त पास ऐकलं आणि खूश होऊन मेर्सी म्हणालो. बाईंनी दोन लाडू खाल्ले. सांत्वन करत.

घरी येऊन डिक्शनरी उघडली. पासे म्हणजे परीक्षेला नुसतं बसणे! पास होणे ते रेउसीर. रपासे म्हणजे परत बसणे. इस्त्रीही तीच. सां पासे म्हणजे त्यावाचून भागवणे. शिवाय मीठ पुढे सरकवायला पासे, व्हॅक्यूम क्लीनर फिरवायला पासे, वेळ घालवायला पासे. पुण्याच्या क्लासमध्ये हे क्रियापद भूतकाळात 'एत्र' (असणे) या सहाय्यक क्रियापदाबरोबर कधी आणि 'आव्वार'बरोबर (जवळ असणे) कधी ते घोकून घेतलं होतं, परीक्षेचं मात्र परीक्षेत आलंच नाही.

बायको म्हणते, आपलं 'लागणे' बघ, भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आणि निकाल लागला म्हणजे पास की नापास ते कुठे कळतं? तिचं बरोबर आहे म्हणून जास्त राग आला.

एरवी मी 'ला बागेत'ला, म्हणजे त्या लांबड्या पावाला, चुकून पुल्लिंगी 'ल बागेत' म्हटलं तर बेकरीच्या अख्ख्या रांगेसमोर सुधारतात हो. इथे मात्र जिन्यात भेटेल तो माणूस हळहळतोय, म्हणजे बातमी सगळ्या बिल्डिंगभर गेली, आणि आता प्रत्येकाला थांबवून मी रेउसीर सांगत बसलो तर नापास झाल्यावर थापा मारतोय असंच वाटणार.

आज दाराच्या कडीला पिशवी लटकत होती. आत जुना प्रश्नसंच, कुणीतरी पेन्सिलीने सोडवलेला. पहिलंच उत्तर चुकलंय.