मोठ्यांच्या मागावर

पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे मूठभर शेअर माझ्याकडे आहेत. कंपनीचे पंप चालतात की नाही, हे मी कधी पाहिलं नाही. माझा सगळा वेळ जातो तो या शेअरमध्ये 'मोठे लोक' काय करताहेत ते शोधण्यात. मोठे लोक म्हणजे एफआयआय (परदेशी गुंतवणूक संस्था) आणि डीआयआय (म्युच्युअल फंड, विमा कंपन्या अशा देशी संस्था). त्यातल्या एफआयआयचं बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2014 मध्ये नाव बदलून एफपीआय केलं, पण आमच्या लोकलच्या डब्यात जुनंच चालतं. "एफआयआय घुसलेत" हे वाक्य तिथे दबक्या आवाजातच बोलायचं असतं.

रोज संध्याकाळी आकडे येतात: परदेशींनी इतके कोटी विकले, देशींनी इतके घेतले. पण ते अख्ख्या बाजाराचे. माझ्या पंपवाल्यांचं काय, ते कळायला तिमाहीचं शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कंपनीत कुणाचा किती वाटा त्याचा तक्ता, लागतं, आणि ते जाहीर करायला कंपनीला तिमाही संपल्यावर 21 दिवसांची मुदत असते. शेजारच्या दोरीवरचे कपडे बघून त्यांच्याकडे कोण पाहुणे आलेत ते ओळखावं, तसा हा प्रकार. कपडे वाळेपर्यंत पाहुणे गावी पोचलेले.

पुन्हा त्यात नावं फक्त एक टक्का किंवा त्याहून जास्त वाटा असणाऱ्यांची. मागच्या खेपेला एक परदेशी फंड यादीतून गायब झाला. सगळं विकून गेला, की 0.99 टक्क्यावर बसून माझी गंमत बघतोय? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. माझं नाव कुठे, म्हणाल तर 'दोन लाख रुपयांपर्यंत दर्शनी भागभांडवल असलेल्या निवासी व्यक्ती' या रांगेत. तिथे नावं नसतात, डोकी मोजतात.

मधल्या काळात बल्क डीलवर गुजराण करायची. कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअरची उलाढाल एका दिवसात कुणी केली, तर त्याचं नाव जाहीर होतं. "मोठ्याने विकले!" मी ओरडलो. बायको भाजी निवडत म्हणाली, "मग कुणीतरी घेतलेही असतील ना?" असल्या प्रश्नांमुळेच घरात अभ्यासाचं वातावरण राहत नाही.

शेवटी कुठल्या योजनेकडे कुठले शेअर ते सांगणाऱ्या, म्युच्युअल फंडांच्या महिनाअखेरच्या एक्सेल फायली धरल्या. एका फंड हाऊसच्या मिडकॅप (मध्यम कंपन्यांच्या) योजनेने पंप विकले होते आणि त्याच हाऊसच्या स्मॉलकॅप (छोट्या कंपन्यांच्या) योजनेने घेतले होते. यातून काय घ्यायचं, या विचारात मी स्क्रीनकडे बघत बसलो होतो. तेवढ्यात बायको मागे येऊन उभी राहिली.

"अहो, या स्मॉलकॅपमध्ये तर माझी एसआयपी आहे."

म्हणजे मी ज्यांच्या मागावर होतो, ते मोठे लोक आमच्याच स्वयंपाकघरात होते. आता महिन्याच्या पाच तारखेला, तिचा एसआयपीचा हप्ता कापला जाण्याआधी, मी अदबीने विचारतो, "काय, आज कशात खरेदी?"

"कोथिंबिरीत," ती म्हणते. "पिशवी घ्या आणि निघा."