शोभेची फौज?

तलावपाळीच्या कट्ट्यावर रविवारी वाद पेटला तो वकीलसाहेबांमुळे. राष्ट्रपतींचे अंगरक्षक ही निव्वळ शोभेची फौज असून खरे संरक्षण साध्या वेशातली माणसेच करतात, असे त्यांनी चहा येण्यापूर्वीच जाहीर करून टाकले.

लष्करातून निवृत्त झालेले सुभेदारकाका गप्प बसणे शक्यच नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या वॉरन हेस्टिंग्जने १७७३ साली बनारसमध्ये निवडक घोडेस्वारांची उभी केलेली ही तुकडी आजही लष्कराचाच भाग आहे, तिचे जवान पॅराट्रूपर, म्हणजे विमानातून छत्रीने उतरणारे सैनिक असतात आणि सियाचीनमध्येही त्यांनी सेवा बजावली आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितले. "शौर्य मी नाकारत नाही काका, पण समारंभात त्यांच्या हातात भालाच असतो ना?" वकीलसाहेब हटेनात.

मग मास्तरांनी अमेरिकेचा दाखला काढला. व्हाइट हाउससाठी १९२२ मध्ये स्वतंत्र गणवेशधारी पोलीस दल स्थापन झाले. पुढे एक अनोळखी माणूस थेट राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या भोजनगृहात शिरल्यावर, १९३० साली, ते सीक्रेट सर्व्हिस या राष्ट्राध्यक्षांचे संरक्षण करणाऱ्या यंत्रणेच्या अखत्यारीत देण्यात आले. वकीलसाहेबांना हे हवेच होते. गणवेशाने अडवले कोणाला, असे विचारून त्यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळातील पांढरे, सोनेरी गोंड्यांचे अंगरखे आणि उंच टोप्यांची आठवण काढली. १९७० मध्ये त्या पोशाखाची एवढी थट्टा झाली की तो गुंडाळावा लागला आणि अखेर एका कॉलेजच्या बँडकडे गेला. यावर काकाही हसले.

मास्तर मात्र १ नोव्हेंबर १९५० वर अडून बसले. व्हाइट हाउसची दुरुस्ती चालू असल्याने राष्ट्राध्यक्ष ट्रूमन समोरच्या ब्लेअर हाउसमध्ये राहत होते आणि त्या दुपारी वरच्या मजल्यावर झोपले होते. दोन हल्लेखोर चालून आले. चौकीतील गणवेशधारी शिपाई लेस्ली कॉफेल्ट तीन गोळ्या लागूनही बाहेर आला, त्याने एका हल्लेखोराच्या डोक्यात गोळी घातली आणि काही तासांत स्वतः प्राण सोडला. मला वाटते, या वादात याहून वजनदार पुरावा नव्हता: गणवेशामुळे तो हल्लेखोरांना आधी दिसला, पण त्यांच्या आणि राष्ट्राध्यक्षांच्या मध्येही तोच उभा होता.

वकीलसाहेबांनी १९८४ काढले; इंदिरा गांधींवर गोळ्या झाडणारे त्यांच्याच पहाऱ्यावरचे पोलीस होते. त्या राष्ट्रप्रमुख नव्हत्या, शासनप्रमुख होत्या, अशी दुरुस्ती मास्तरांनी केली खरी, पण आवाज खाली आला होता. चहाचे पैसे देताना वकीलसाहेबांनी कॉफेल्ट मान्य केला, भाला नाही.