टीव्ही अडकतो म्हणून लगेच प्लॅन वाढवू नका

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज जोरात फिरतोय: "टीव्हीवर सिनेमा मध्येच थांबतो? 100 एमबीपीएसचा प्लॅन 300 वर न्या, वाय-फाय कायम 5 गिगाहर्ट्झवर ठेवा, डीएनएस 8.8.8.8 टाका आणि अ‍ॅपचा कॅशे रोज साफ करा." यातलं काहीच सरसकट लागू पडत नाही, आणि पहिल्या सल्ल्यात दर महिन्याला पैसे जातात.

आधी प्लॅन. नेटफ्लिक्सला 4के चित्रासाठी 15 एमबीपीएस पुरतात, फुल एचडीसाठी 5. म्हणजे 100 च्या प्लॅनवर तीन टीव्हींवर एकाच वेळी 4के लावलं तरी निम्म्याहून जास्त वेग शिल्लक राहतो. गाडं अडतं ते बहुधा राउटर आणि टीव्ही यांच्यामध्ये. मोबाइलवरच्या स्पीड टेस्टवरून हे कळत नाही. टीव्हीला किती मिळतंय ते टीव्हीवरच मोजायला हवं. ब्राउझर असेल तर फास्ट डॉट कॉम उघडा. नसेल तर यूट्यूबवर व्हिडिओ लावून सेटिंगमधलं 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' चालू करा. 'बफर हेल्थ'चे (म्हणजे पुढचा किती व्हिडिओ आधीच उतरवून ठेवलाय त्याचे) सेकंद घसरत शून्याकडे आले की समजा, डेटा वेळेत पोचत नाहीये. सेकंद भरपूर असूनही चित्र अडखळत असेल तर दोष टीव्हीचा किंवा अ‍ॅपचा, तिथे 500 चा प्लॅनही काही करणार नाही.

जमत असेल तर राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट 5ई (नेटवर्कची लॅन) केबल टाका. हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. कितीतरी टीव्हींचा लॅन पोर्ट 100 एमबीपीएसचाच असतो, म्हणजे 300 चा प्लॅन घेऊनही केबलवर तेवढा वेग येणार नाही. 4के ला तो लागतही नाही.

वाय-फायचा 5 गिगाहर्ट्झ बँड एकाच खोलीत उत्तम. मध्ये दोन पक्क्या भिंती आल्या की तो ढेपाळतो, तिथे राउटरचा दुसरा बँड, 2.4 गिगाहर्ट्झ, जास्त तग धरतो. मात्र सोसायटीत शेजाऱ्यांचे राउटरही 2.4 वरच गर्दी करतात, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल 1, 6 किंवा 11 पैकी मोकळा निवडा आणि चॅनेलची रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवा. राउटर लोखंडी कपाटावर नको. स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टमध्ये लावायचं छोटं उपकरण) टीव्हीच्या पाठीला चिकटून बसत असेल तर सोबत आलेला छोटा एचडीएमआय एक्स्टेंडर लावा आणि वीज तिच्याच अडॅप्टरमधून द्या. टीव्हीच्या यूएसबी 2.0 पोर्टमधून साधारण 500 मिलिअँपिअरच मिळतात. तेवढ्यावर स्टिक मध्येच रीस्टार्ट होऊ शकते.

डीएनएस फक्त नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधतो. अ‍ॅप उघडतच नसेल तर बदलून पाहा. सुरू झालेला व्हिडिओ त्याने वेगात धावत नाही. अ‍ॅप उघडत नसताना टीव्हीची तारीख-वेळही तपासा, ती चुकली की सुरक्षित जोडणी होत नाही.

कॅशे, म्हणजे अ‍ॅपने साठवलेल्या तात्पुरत्या फाइल, अ‍ॅप बिघडल्यावर एकदा साफ करावा, रोज नाही. 'क्लिअर डेटा' दाबलंत तर पुन्हा लॉगिन करावं लागेल. 8 जीबी स्टोरेजच्या टीव्हीत नको असलेली अ‍ॅप काढणं जास्त उपयोगी. रिमोटने बंद केलेला टीव्ही सहसा स्टँडबायमध्येच असतो, म्हणून तो खरोखर रीस्टार्ट करायला मिनिटभर प्लग काढून ठेवा.

एवढं करूनही अडकत असेल तर रात्री नऊच्या सुमारास लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजा. 100 च्या प्लॅनवर तिथेही 10-15 च दिसत असतील तर आकड्याचा स्क्रीनशॉट काढून इंटरनेट कंपनीकडे तक्रार नोंदवा.