कळलं नसतं तर बरं झालं असतं

रविवारी ताईकडे इंदिरानगरला गेलो होतो. भाची बारावीला आहे, एरवी मी दिसलो की मिसळ खायला चल म्हणून मागे लागते, त्या दिवशी डोळे सुजलेले आणि खोलीतनं बाहेर यायला तयार नाही. ताई म्हणे, "रात्रभर मोबाईल, दुसरं काय!" मग हळूहळू कळलं की शनिवारी क्लासच्या मैत्रिणी कॉलेज रोडला एकीच्या बड्डेला गेल्या, हिला कोणी सांगितलंच नाही आणि ते सगळं हिने रात्री दीडपर्यंत इन्स्टाच्या स्टोऱ्यांवर बघितलं. केक, मग सेल्फी, मग गाडीवरचा व्हिडिओ, तेच तेच सात जणींच्या सात फोनमधनं.

आता खरं सांगतो, आम्हालाही मित्र टांग द्यायचेच. 98 साली आमची गँग मला न सांगता गंगापूर धरणावर जाऊन आली, मला कळलं चार दिवसांनी, कटिंग पिता पिता, दोन शिव्या घातल्या आणि विषय संपला. दुखलं नाही असं नाही, पण ते मला लाइव्ह बघावं लागलं नाही हो, तेही अंथरुणात एकट्याने!

आणि ही स्टोरी, 2016 ला आली इन्स्टावर, 24 तासांत गायब होते म्हणून पोरं लगेच बघतात. वर कोणी कोणी बघितली तेही टाकणाऱ्याला दिसतं, म्हणजे हिने बघितलं हे त्या सातही जणींना माहिती, तरी एकीचाही मेसेज नाही. मला तर याचाच जास्त राग आला.

इच्छाशक्ती पाहिजे वगैरे आपण पोरांना सांगतो पण समोर कोण बसलंय ते बघा ना. 2021 ला फ्रान्सिस हॉगेन या फेसबुकमधल्याच बाईने कंपनीचे आतले कागद बाहेर काढले, इन्स्टाही त्याच कंपनीचं, आणि त्यात त्यांच्याच एका स्लाइडवर होतं की स्वतःच्या शरीराची लाज वाटणं दर तीन किशोरवयीन मुलींमागे एकीच्या बाबतीत इन्स्टा वाढवतं. कंपनी म्हणाली अर्थ चुकीचा लावला. बरं. 2023 ला अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे तिथल्या सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे मुख्य डॉक्टर, विवेक मूर्तींनी सांगितलं की दिवसाला तीन तासांच्या वर सोशल मीडिया वापरणाऱ्या पोरांमध्ये नैराश्य, अँग्झायटीचा धोका दुप्पट दिसतो. आता मोबाईलने उदास होतात की उदास पोरंच मोबाईलला चिकटतात यावर तज्ज्ञांची भांडणं चालू आहेत, चालू द्या, रात्री दीडला झोप गेली ती गेलीच ना.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2025 पासून सोळाच्या आतल्यांना अकाउंटच बंद केलं. आपल्याकडे सांगलीच्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. मला हे जास्त पटतं, कारण तिथे सगळ्यांचेच बंद, म्हणजे आपल्याला सोडून काही चाललंय असं कोणाला वाटायचं कारणच नाही. आमच्या सोसायटीत भोंगा लावला तर पहिली तक्रार मीच करेन म्हणा, ही पोस्ट टाकल्यावर दर दहा मिनिटांनी लाइक मोजणारा माणूस मी.

ताईला एवढंच म्हटलं की तिला ओरडू नको, आणि रात्री दहानंतर घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, तुझा आणि भाऊजींचाही. भाऊजींनी लगेच ऑफिसचं कारण काढलं. काल भाचीचा मेसेज आला, "मामा, बाबा रात्री तीनदा पाणी प्यायला हॉलमध्ये गेले 😂"